लॉन काढून गवताची बाग केली: माझा अनुभव

सासवडजवळच्या आमच्या घरामागे साधारण दीड गुंठ्याचा, पश्चिमेकडे उतरता, मुरमाड तुकडा आहे. त्यावर लावलेले लॉन दोन उन्हाळे कसेबसे तगले. तिसऱ्या उन्हाळ्यात टँकर मागवावा लागला तेव्हा ते पाणी लॉनवर ओतणे पटेना, आणि त्या जागी उंच गवतांची बाग करायची असे मी ठरवले. बागकामाला येणाऱ्या दादांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "ताई, आजवर गवत काढायची मजुरी घेतली, आता लावायची घेऊ का?"

सुरुवात मी चुकीच्या टोकाने केली. न्यूयॉर्कच्या हाय लाइन या 2009 साली खुल्या झालेल्या उद्यानातील लागवड डच उद्यानरचनाकार पीट आउडॉल्फ यांची आहे. तिची छायाचित्रे पाहून मी मार्च महिन्यातच एका रोपवाटिकेतून पम्पास आणि फाउंटन ग्रास आणले. निम्मी रोपे मे महिन्यातच करपली. तिकडे गवत थंडीने सुकते आणि वसंतात पुन्हा फुटते, तर आपल्याकडे ते पाऊस संपल्यावर सुकते आणि जून येईपर्यंत तसेच उभे राहते. त्यामुळे लागवड पहिल्या पावसानंतरच करावी, हे मला नुकसान सोसून कळले. पम्पासच्या पात्यांच्या कडा करवतीसारख्या असतात. हातावर दोनदा ओरखडे उठल्यावर आणि दोन वर्षांत एकही तुरा न आल्यावर मी ते काढून टाकले. हिरव्या फाउंटन ग्रासचे बी वाऱ्याने सर्वत्र उडते आणि हवाईसारख्या ठिकाणी ते उपद्रवी ठरले आहे, हे वाचल्यावर तेही उपटले. जांभळे मात्र ठेवले, कारण त्याला रुजणारे बी जवळजवळ धरत नाही.

दुसऱ्या वर्षी आधी उताराचा विचार केला. उताराला आडव्या दोन ओळींत, पंधरा-पंधरा सेंटिमीटरवर वाळ्याचे फुटवे लावले. वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, म्हणून मुरूम धरून ठेवण्यासाठी त्याच्यासारखे गवत नाही; तिसऱ्या पावसाळ्यात वरच्या ओळीमागे वीतभर माती साठलेली मी स्वतः मोजली. मधल्या भागात जांभळ्या फाउंटनचे पाच-पाच ठोंबांचे पुंजके केले. एकेकटा ठोंब तण वाटतो, पुंजका केला की तो मुद्दाम लावलेला दिसतो. त्यांच्या पुढे मागच्या माळावरून, मालकांना विचारून आणलेली पवना आणि कुसळी ही माळावरची गवते.

गवताच्या बागेत फुलांच्या रंगाइतकाच उन्हाचा कोन महत्त्वाचा असतो, हे मला फार उशिरा समजले. दिवाळीच्या सुमारास तुरे पूर्ण बाहेर आलेले असतात. सूर्य पाठीशी घेऊन पाहिले तर ते मळकट दिसतात, पण मावळते ऊन त्यांच्या मागून आले की प्रत्येक केस वेगळा उजळतो. म्हणून मी पुंजके न हलवता दगडी बाकच उताराच्या वरच्या, पूर्वेकडच्या कडेला नेला.

कुसळीने मात्र मला शिकवले आणि छळलेही. तिचे एक पिकलेले कुसळ ओल्या तळहातावर ठेवले, तर त्याचा पिळलेला शेपटा हळूहळू उलगडत गोल फिरतो. वाळताना पुन्हा पीळ पडतो आणि अशा फिरण्यानेच टोकदार बी मातीत शिरते. ते मोज्यांतही तितक्याच निष्ठेने शिरते. वाटेच्या कडेची कुसळी दुसऱ्याच हिवाळ्यात कुंपणाकडे हलवावी लागली.

शेजाऱ्यांना सापांची भीती होती. ती निराधार नव्हती, एकदा धामण दिसली. त्यासाठी मधली वाट मीटरभर रुंद आणि स्वच्छ ठेवली. मला अधिक काळजी वणव्याची होती. फेब्रुवारीपासून माळावर कुठे ना कुठे धूर दिसतो, म्हणून कुंपणाच्या आतून आणि घराच्या बाजूने दोन-दोन मीटर पट्टा जाळरेषेसारखा उघडा ठेवला आहे.

छाटणी वर्षातून एकदाच, मेच्या शेवटच्या आठवड्यात. ठोंबाला कमरेशी सुतळी बांधून खाली वीतभर राखून विळ्याने कापले की पेंढी अख्खी हातात येते आणि पसारा होत नाही. पवना दादा गाईला नेतात, उरलेले आच्छादन म्हणून आळ्यांत जाते.

यंदा जूनमध्ये फाउंटनचे चार ठोंब मधोमध पोकळ झालेले दिसले. ते कुदळीने फोडून, कडेचे जोमदार फुटवे तेवढे पुन्हा लावले. खालच्या कोपऱ्यात पावसाचे पाणी जरा थांबते, तिथे काशी हे गवत शोभेल. पण ती जमिनीखालून पसरते, म्हणून आधी सिमेंटची कडी पुरून तिच्या आतच ती लावायची आहे.