आमची वाटचाल : होडीच्या पोटातलं लाकूड

सुरुवातीला आमच्याकडे फायबरच्या होड्या यायच्या त्या वरवरच्या कामांसाठी. उडालेला जेलकोट (होडीचा बाहेरचा चकचकीत थर), ओरखडे, बारीक तडे, पॉलिश. काम स्वच्छ असायचं आणि गिऱ्हाईकही खूश असायचं. पण जुन्या होडीत उतरलं की फ्लोअर पायाखाली दबायचं, इंजिनाचे बोल्ट हाताने हलायचे. अशी होडी चकचकीत करून पाण्यात सोडायला आमचं मन तयार होईना. म्हणून सडलेले स्ट्रिंगर बदलायचं काम आम्ही हातात घेतलं. आज आमचा बहुतेक धंदा त्यावरच उभा आहे.

स्ट्रिंगर म्हणजे होडीच्या तळाला आतून लांबीच्या दिशेने बसवलेल्या तुळया. लाटेचा मार बसला की तळ वाकू नये हे त्यांचं काम, आणि बऱ्याच होड्यांत इंजिनाचा भारही त्यांच्याच डोक्यावर असतो. जुन्या बांधणीत हे लाकूड पॉलिएस्टर रेझिन (लावल्यावर कडक होणारं चिकट द्रव) आणि फायबरच्या थरांनी झाकलेलं असतं. मात्र पंपासाठी कुणी स्क्रू मारलेला असतो, पाणी वाहून जायला पाडलेल्या भोकाची आतली कड उघडीच राहिलेली असते. तिथून पाणी शिरतं आणि आवरणामुळे बाहेर पडत नाही. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं मिळतं. खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं पाणी जास्त घातक. समुद्रात फिरणाऱ्या होडीपेक्षा किनाऱ्यावर उघडी पडून राहिलेली होडी आतून जास्त सडलेली आम्ही पुष्कळदा पाहतो.

तपासायची आमची पद्धत साधी आहे. लहान हातोडीने ठोकत जायचं. चांगल्या लाकडावर आवाज टणक येतो, सडलेल्यावर भद्द. शंका आली की बारीक ड्रिल मारायचं. फिकट, कोरडा भुसा आला तर ठीक. काळपट चुरा आला आणि चिमटीत दाबल्यावर बोटं ओली झाली, तर वरचं फायबर कितीही धडधाकट दिसो, आतली तुळई गेलेली असते. ते भोक मालकासमोरच पाडतो, कारण हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

त्यानंतर हमखास येणारी सूचना म्हणजे, "सागवान टाका, पाण्याला तोच टिकतो." साग टिकतो हे खरंच आहे. पण स्ट्रिंगरचं लाकूड उघड्यावर राहत नाही, ते रेझिनच्या आत बंद होतं. तिथे पहिला प्रश्न येतो तो रेझिन त्याला धरून राहील का हा. सागाच्या अंगातलं तेल नेमकं इथे आड येतं. आम्ही वेगवेगळ्या लाकडांच्या तुकड्यांवर फायबरची पट्टी चिकटवून ठेवतो आणि पूर्ण वाळली की पकडीने ओढून काढतो. पट्टीबरोबर लाकडाचे तंतू उपटून आले तर पकड चांगली. पट्टी गुळगुळीत सुटली आणि खाली लाकूड कोरं दिसलं, तर ते लाकूड बाद. असे सोललेले तुकडे वर्कशॉपच्या फळीवर मांडून ठेवलेत. मालकाने ते हातात घेतले की सागाचा आग्रह सहसा तिथेच संपतो.

ओकबद्दलही विचारणा होते. व्हाइट ओकच्या गाभ्याच्या लाकडात पाणी वाहणाऱ्या बारीक नळ्या बुजलेल्या असतात, त्यामुळे पाणी सहज चढत नाही. रेड ओकच्या नळ्या मोकळ्या असतात, तो आम्ही या कामात घेतच नाही. पण व्हाइट ओकही घनमीटरला ७५० किलोच्या आसपास भरतो, आणि इतकं घट्ट लाकूड चिकटवायला अवघड. डग्लस फर हे सूचीपर्णी झाडाचं लाकूड साधारण ५३० किलोंचं, तंतूंच्या सरळ रेषांचं, वजनाच्या मानाने ताठ, आणि इपॉक्सी (आम्ही वापरतो ते चिकट रेझिन) चांगली धरतं. गाभ्याचं असेल तर कुजण्याला बऱ्यापैकी तोंडही देतं. लांब स्ट्रिंगरसाठी आमची पहिली पसंती तेच.

मरीन प्लायला आमचा विरोध नाही. ट्रान्सम (होडीची मागची सपाट भिंत) आणि आतल्या आडव्या भिंतींना आम्ही तोच वापरतो, कारण तो फारसा फुगत-आकसत नाही. पण एकाआड एक थर आडवा असल्याने लांबीच्या दिशेने त्याचे साधारण निम्मेच थर काम करतात, आणि उभा लावला की वरची बाजू ही त्याची कड असते. इंजिनाचा जाड स्क्रू त्या कडेत शिरला की थर फाकतात. म्हणून इंजिनाखाली अखंड लाकूडच, यावर आमचे मिस्त्री अडून बसतात, आणि ते बरोबर आहेत. कुजू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड बहुतेक वेळा ओलंच विकलं जातं. ते नीट वाळवल्याशिवाय आम्ही त्याला रेझिन लावत नाही.

फळी निवडताना आम्ही कुणाची घाई चालू देत नाही. झाडाच्या अगदी मध्यबिंदूचा मऊ गर असलेली फळी नको, ती तडकते. कडेला मोठी गाठ नको. रेषा फळीच्या अंगाबाहेर पळताना दिसल्या तर ती बाजूला. ओल मोजतो, १२ टक्क्यांच्या वर असली तर ती मांडणीवर परत जाते. यासाठी लाकूड आता कामाच्या कितीतरी आधी घेऊन पट्ट्यांवर हवेशीर रचून ठेवावं लागतं. त्यात पैसा अडकतो, पण ओलं लाकूड बंद करून देणं आम्हाला मान्य नाही.

जुने स्ट्रिंगर काढण्याआधी होडीला खालून सगळीकडे टेकू देतो, इंजिनाच्या बैठकीची उंची मोजून ठेवतो, आणि एका वेळी एकच तुळई काढतो, नाहीतर तळ आकार सोडतो. नव्या लाकडाच्या वरच्या कडा गोल करतो, कारण फायबरचं कापड काटकोनात वळत नाही आणि आत हवा राहते. लाकूड थेट तळावर टेकवत नाही. मध्ये दाट केलेल्या इपॉक्सीचा थर असतो, म्हणजे तळावर एका रेषेत ताण येत नाही. लाकडाला रेझिनचा पहिला हात मारतो तो दिवस उतरताना. लाकूड तापत असलं की आतली हवा बाहेर येऊन बुडबुडे धरतात.

काही जण सडलेल्या तुळईत भोकं पाडून पातळ इपॉक्सी ओतायला सांगतात. इंजिनाखालच्या स्ट्रिंगरला हे आम्ही करत नाही, काम हातचं गेलं तरी. ओल्या भुश्शात रेझिन सगळीकडे पोहोचत नाही, आणि भार तर तसाच राहतो.

होडी परत देताना आता एक कागद सोबत देतो. नवा स्क्रू मारायचा तर आधी मोठं भोक पाडा, ते इपॉक्सीने भरा, पूर्ण वाळू द्या, आणि मग त्या इपॉक्सीतच बारीक भोक पाडून स्क्रू बसवा. कागद हरवला तरी चालेल, पण ड्रिल हातात घेण्याआधी आम्हाला विचारा, असं आम्ही प्रत्येक मालकाला सांगतो, आणि आता ते विचारतातही.