‘प्रिकॅरिअस’: दुसऱ्याच्या मर्जीवरची परिस्थिती

गेल्या महिन्यात कंत्राटी कामगारांविषयीच्या एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करताना ‘प्रिकॅरिअस’ या विशेषणापाशी मी बराच वेळ अडून राहिलो. ‘डळमळीत’, ‘अनिश्चित’, ‘बेभरवशाचा’ हे प्रतिशब्द चुकीचे नाहीत. परंतु परिस्थिती कोणामुळे डळमळीत आहे, हे त्यांपैकी एकही सांगत नाही. मूळ शब्द मात्र नेमके तेच सांगतो.

लॅटिनमध्ये ‘प्रेक्स’ म्हणजे विनवणी आणि ‘प्रेकारिउस’ म्हणजे विनवणी करून मिळवलेले. रोमन कायद्यात ‘प्रेकारिउम’ नावाची व्यवस्था होती. त्यानुसार याचना करणाऱ्याला जमीन किंवा वस्तू मोबदल्याशिवाय वापरायला मिळे, पण देणाऱ्याची इच्छा असेल तोवरच. कायदेपंडित उल्पियन याने केलेली तिची व्याख्या सम्राट जस्टिनियनच्या इ. स. ५३३ मधील ‘डायजेस्ट’ या संकलनात जपली गेली आहे. या व्यवस्थेतील एक बारकावा मला फार बोलका वाटतो: त्रयस्थाने ती जमीन बळकावली, तर कसणाऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळे, पण खुद्द देणाऱ्याने ती परत मागितली, तर त्याच्यासमोर त्याला कोणताच आधार नसे.

सतराव्या शतकात हे विशेषण इंग्रजीत आले, तेही ‘दुसऱ्याच्या इच्छेवर अवलंबून’ याच अर्थाने. पुढे ते कोणत्याही असुरक्षित स्थितीला, अगदी कलत्या शिडीलाही लावले जाऊ लागले आणि देणारा माणूस अर्थातून हळूहळू नाहीसा झाला. प्रार्थनेसाठीचा इंग्रजी शब्द ‘प्रेअर’ हाही याच ‘प्रेकारिउस’पासून फ्रेंचमार्गे आलेला आहे. आपल्याला हे कूळ परकेही नाही, कारण संस्कृतातील ‘प्रच्छ्’ हा धातू त्याच प्राचीन मुळाचा असून ‘प्रश्न’ आणि ‘पृच्छा’ हे शब्द त्यापासूनच झाले. ‘विचारपूस’मधली ‘पूस’ही त्याच घरची. विचारणे आणि मागणे यांतले अंतर तेव्हा फारसे नसावे, असे मला वाटते.

कलत्या शिडीसाठी मी ‘डळमळीत’च लिहीन. त्या लेखात मात्र, वाक्य लांबले तरी, ‘मालकाच्या मर्जीवर टिकून असलेली नोकरी’ असे लिहिले. दर काही महिन्यांनी मुदतवाढीसाठी अर्ज करणाऱ्या कामगाराची अवस्था तीच होती.