बॅलरॅट: रंगीत काचा पाहण्यासाठी एक दिवस

मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनवरून बॅलरॅट रेल्वेने साधारण दीड तासावर आहे. मायकी कार्ड (इथलं रेल्वे-बसचं प्रवास कार्ड) चालतं. स्टेशन लिडियार्ड स्ट्रीटवरच आहे. तिथून दक्षिणेला स्टर्ट स्ट्रीट गाठा. उजवीकडे डॉसन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रल लागतं. लिडियार्ड स्ट्रीटवर तसंच पुढे गेलं की क्राइस्ट द किंग कॅथीड्रल. सगळं पायी फिरता येतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी दारं बंद सापडू शकतात, त्यामुळे आधी फोन करा किंवा रविवारची प्रार्थना संपताना पोचा. बाहेरून बघून उपयोग नाही, दिवसा काच बाहेरून काळी दिसते.

भारतातून येणाऱ्याची सवय इथे फसवते. या अक्षांशावर दुपारचा सूर्य बाराही महिने उत्तरेला असतो. म्हणून उत्तरेच्या खिडक्या झगझगतात आणि दक्षिणेच्या शांत, एकसारख्या उजेडात राहतात. रंगांची उधळण हवी तर उत्तर. चेहऱ्यावरच्या ब्रशच्या रेषा वाचायच्या तर दक्षिण. फोटोला ढगाळ दिवस उत्तम. कॅमेऱ्यात एक-दोन स्टॉप (कॅमेऱ्यातलं प्रकाशाचं माप) कमी प्रकाश घ्या, नाहीतर पिवळा आणि पांढरा भाग जळतो. फ्लॅश नकोच. आठपट दुर्बीण मात्र न्याच, वरचं काम तिच्याशिवाय दिसत नाही.

बॅलरॅटला सोनं सापडलं १८५१ च्या ऑगस्टमध्ये. सुरुवातीला वस्ती तंबूंची, रंगीत काच इंग्लंडहून जहाजाने यायची. मेलबर्नच्या फर्ग्युसन अँड यूरी या पेढीने १८५३ मध्ये नळकाम आणि छपरांवर स्लेटच्या दगडी फरशा बसवण्यापासून सुरुवात केली होती. हे अगदी स्वाभाविक आहे: त्या काळचा प्लंबर म्हणजे शिशाचा कारागीर, आणि रंगीत खिडकीतले काचेचे तुकडे जोडले जातात ते शिशाच्या पट्ट्यांनीच. १८६१ मध्ये जॉन लॅम्ब लायन हा काच रंगवणारा आला आणि पेढी चित्रमय खिडक्यांकडे वळली. १८६२ ची शेक्सपिअरची खिडकी मेलबर्नच्या स्टेट लायब्ररीत आहे. बॅलरॅटला जाण्याआधी ती पाहा, नजर तयार होते. लायन १८७३ मध्ये सिडनीला गेला; पेढी १८९९ मध्ये बंद झाली.

खिडकीसमोर उभं राहिल्यावर आधी रंग पाहा. लाल काच बहुधा साध्या काचेवर चढवलेला, तांब्याने लाल केलेल्या काचेचा पातळ थर असते. सबंध लाल असती तर काळी दिसली असती. केसांचा, मुकुटाचा पिवळा चांदीच्या क्षारांचा, तोही काचेच्या बाहेरच्या बाजूने लावून भाजलेला. सोन्याच्या गावात पिवळा रंग चांदीने दिला आहे, हे लक्षात ठेवण्याजोगं! सोनं लागतं ते गुलाबी काचेला.

मग दुखणी शोधा. तिरकं उभं राहून पाहिलं तर खालचा भाग फुगलेला दिसतो. उन्हाने शिसं प्रसरण पावतं, पण थंड झाल्यावर पूर्ण जागेवर येत नाही. शंभर वर्षांत डाखाजवळ चिरा पडतात. खिडकी लोखंडी आडव्या गजांना तांब्याच्या तारांनी बांधलेली असते, त्या तुटल्या की वजन खालच्या पट्ट्यांवर येतं. काच आणि शिशाच्या मधला जवसाचं तेल, खडूची पूड आणि काजळीचा भराव सुकून गळला की पाऊस आत येतो. चेहरे पुसट दिसले तर भट्टीत रंग नीट भाजला गेला नव्हता, किंवा लवकर वितळावा म्हणून त्यात बोरॅक्स (टाकणखार) घातला होता. ओलाव्याने असा रंग सुटतो. बाहेर पारदर्शक प्लास्टिकचं आवरण दिसलं तर खाली-वर हवेची फट आहे का बघा. नसेल तर आत उष्णता आणि दव साठतं आणि संरक्षणच खिडकी खातं.

काचेला हात लावू नका, रंगाचा थर बोटालाही सुटू शकतो. बनवणाऱ्याचं नाव असलंच तर खालच्या कोपऱ्यात, शिशाच्या कडेला, नखाएवढ्या अक्षरांत सापडेल.