बस दहा मिनिटं उशिरा सुटली की काय होतं

आमच्याकडे वर्षातून एकदा लीडरशिप ट्रेनिंग होतं. हॉटेलचा एसी हॉल, डोळ्यांवर पट्टी बांधून जोडीदाराला चालवायचा खेळ, दुपारी पनीर आणि गुलाबजाम. या वेळचे ट्रेनर सांगून गेले, 'केबिनचं दार कायम उघडं ठेवा, माणसं आपणहून येतील.' मी चाकणला एका मशीन शॉपमध्ये लाइन इन्चार्ज आहे. माझ्या दारात ऑपरेटर येतो तो सुट्टी मागायला, नाहीतर पगारात काही कापलं गेलं तर. मशीनचं काय बिनसलंय ते सांगायला कुणी केबिनपर्यंत चालत येत नाही. ते कळतं शिफ्ट बदलताना, मशीनपाशीच. आणि नेमक्या त्याच वेळी सगळ्यांना बस पकडायची असते.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. ३५ मिमी बोअरचा, म्हणजे आरपार गोल भोकाचा जॉब, एच-७ टॉलरन्स. म्हणजे बोअर ३५.००० ते ३५.०२५ च्या आत हवा, पंचवीस मायक्रॉनचा सगळा खेळ. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं टोक, झिजतो तसा बोअर बारीक यायला लागतो, म्हणून ऑपरेटर वेअर ऑफसेट, म्हणजे झीज भरून काढायला मशीनमध्ये घातलेला आकडा, थोडा थोडा वाढवत नेतो. त्या दिवशी सेकंड शिफ्टच्या पोराने जाता जाता इन्सर्ट नवा लावला, पण वाढवलेला ऑफसेट तसाच ठेवून गेला. लॉगबुकात लिहिलं 'ओके'. थर्ड शिफ्टवाल्याने आल्या आल्या सायकल स्टार्ट केली. इन्स्पेक्टर दुसऱ्या लाइनवर अडकलेला, तो येईपर्यंत क्रेट भरला. बोअर लहान असता तर परत मशीनला लावता आला असता. मोठा झाला की थेट भंगार.

सकाळच्या मीटिंगमध्ये वरून पहिला प्रश्न आला, "कोण होता?" नाव मिळालं, मेमो निघाला, विषय मिटला. पुढचे काही दिवस लॉगबुक बघण्यासारखं होतं. सगळीकडे 'ओके', तेही सुवाच्य अक्षरात.

मग मी मीटिंगमध्ये पायपर अल्फाची गोष्ट काढली. उत्तर समुद्रातला तेल-गॅसचा प्लॅटफॉर्म, ६ जुलै १९८८. दिवसपाळीने कंडेन्सेटच्या, म्हणजे गॅसमधून निघणाऱ्या द्रव इंधनाच्या, एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि पाइपाच्या तोंडाला तात्पुरतं झाकण लावलं होतं. रात्रपाळीपर्यंत हे पोचलंच नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हाच चालू केला. गॅस गळली, स्फोट झाला, १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या १९९० च्या अहवालात दुरुस्तीच्या कामाला परवाना (परमिट) देण्याच्या पद्धतीवर आणि पाळी बदलताना न दिलेल्या माहितीवर स्पष्ट ठपका आहे. आमचा क्रेटभर माल गेला, एवढ्यावर निभावलं.

पाळी बदलताना दोघांनी मशीनपाशी बोलायलाच हवं, हे पटलं. उपाय सुचवायला सगळे पुढे होते. बस ३:४० ला सुटते आणि ती चुकली तर घरी जायचं कसं, हे मात्र कुणी विचारात घेत नव्हतं. माझा सगळ्यात जास्त वेळ ट्रान्सपोर्टवाल्याला पटवण्यात गेला. त्यात एचआरने तेव्हा लागू असलेल्या कारखाना अधिनियमाचं कलम ५८ दाखवलं, एकाच कामावर दोन शिफ्ट एका वेळी चालवता येत नव्हत्या. म्हणून मशीन थांबवूनच बोलायचं ठरलं. प्रॉडक्शनवाले कुरकुरले, कारण तेवढ्यात मशीनमागे पाच नग जातात. त्यांना मी भंगारातला क्रेट दाखवला. शेवटी बस ३:५० ची झाली.

लॉगशीटमधला 'ओके'चा रकानाच आम्ही काढून टाकला. आता तीन ओळी आहेत, मराठीत आणि हिंदीत: काय बदललं, काय अर्धवट आहे, कशाची शंका आहे. लिहून झालं की तोंडी सांगायचं आणि घेणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं.

"इन्सर्ट नया है काका, ऑफसेट झिरो किया. पहला पीस बारा मायक्रॉन ऊपर आया."

"झिरो केला, बारा आला. आणि जॉब पकडणारा चक?"

"जबडा थोडा ढीला लगता है."

हे 'लगता है' कानावर पडायला मला वर्षं लागली. पूर्वी असं कुणी बोललं की त्याच्याच मागे लागायचे, तूच ढिला केलास का, कधी केलास. आता मी मॅनेजरसाहेबांना गळ घालून ठेवलीय, मेमो लिहायचा तर लिहा, पण आधी 'पुढच्याला काय सांगितलं होतं?' एवढं विचारा. साहेब बऱ्याचदा विचारतात. ऑडिटच्या आठवड्यात विसरतात.

सकाळी सातचा बदल अजून जमलेला नाही. थर्डवाला झोपेने पेंगलेला असतो आणि फर्स्टवाला चहाच्या शोधात. चहाची किटली कॅन्टीनमधून लाइनवर आणायची परवानगी मागितली आहे. सेफ्टीवाल्यांचं उत्तर यायचंय.