दीड फुटाची गॅलरी

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरावरची माडी अण्णांनी 1998 च्या उन्हाळ्यात परवाना न काढता बांधली. घर आजोबांच्या नावावर होते, वाटणीपत्र झालेले नव्हते, आणि सगळ्या चुलत्यांच्या सह्या गोळा करून नकाशा मंजूर करून घेण्यापेक्षा सुट्टीचे दिवस साधून स्लॅब टाकून मोकळे होणे त्यांना सोयीचे वाटले. शनिवारी सेंट्रिंग आणि रविवारी काँक्रीट, हा पेठेतला त्या वेळचा जवळजवळ शिरस्ताच होता. गॅलरी मात्र त्यांच्या हौसेची. ती खालच्या भिंतीच्या बाहेर, थेट बोळावर निघाली.

सत्तावीस वर्षांनी हे प्रकरण उकरण्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. माडीच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढायला गेलो, तेव्हा बँकेने मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला हरकत नसल्याचा पालिकेचा दाखला, मागितला. तारण म्हणून इमारत घेताना बांधकाम पूर्णत्वाचे किंवा भोगवटा प्रमाणपत्र तपासल्याशिवाय कर्ज देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये बजावले असल्यामुळे तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. तरीही मी म्हणालोच, ‘‘पण आम्ही माडीचा घरफाळा भरतोय की!’’ कोल्हापुरात निम्म्याहून अधिक लोकांचा हाच समज असावा, आणि तो साफ चुकीचा आहे. घरफाळा हा मालमत्तेवरचा कर आहे, तो बांधकामाचा परवाना नव्हे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267 अ मध्ये अनधिकृत बांधकामावर करासोबत शास्ती, म्हणजे दंड, सांगितली आहे आणि ती भरल्याने बांधकाम नियमित झाले असे मानले जाणार नाही, हेही तिथेच स्पष्ट केले आहे.

बांधकाम नियमित करून देण्याच्या सवलतींबद्दल माझे मत या निमित्ताने बदलले. पूर्वी मी त्यांना सरसकट नावे ठेवत असे. आता मला त्यांतले दोन प्रकार वेगळे दिसतात. शहराच्या कडेला ज्यांनी गुंठा-दोन गुंठे घेऊन घर बांधले, त्यांना परवाना मिळण्याची वाटच नव्हती. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एवढ्या लहान तुकड्याचे रीतसर खरेदीखत होईना, मग स्टॅम्पपेपरवर व्यवहार झाला, आणि जमीनच कागदोपत्री नसल्यावर नकाशा कोण मंजूर करणार? 2001 चा गुंठेवारी कायदा अशांसाठी आला आणि 2021 च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपर्यंत पुढे नेली. ही सवलत मला न्याय्य वाटते. आमचे तसे नव्हते. आम्हाला परवाना मिळू शकत होता, आम्ही तो मागितला नाही. नगररचना कायद्यात 2017 मध्ये घातलेल्या कलम 52 अ मुळे 31 डिसेंबर 2015 पर्यंतच्या अनधिकृत बांधकामांना प्रशमन शुल्क, म्हणजे कारवाईऐवजी घेतली जाणारी रक्कम, भरून नियमित होण्याची जी वाट मिळाली, तिच्यात आमच्यासारखे अनेक जण गरजवंतांच्या मागे रांगेत उभे राहिले, हे कबूल केले पाहिजे. शुल्क दोघांनाही लागते. पण एकाला ते अडचणीची किंमत म्हणून द्यावे लागते, तर दुसऱ्याला स्वस्तात मिळालेली माफी म्हणून.

एक गोष्ट मात्र पैशाने सुटू नये, आणि ती म्हणजे निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीकाठी बांधकामाला मनाई असलेल्या हद्दीच्या, आतले बांधकाम. 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ 43 फुटांची धोका पातळी ओलांडून 55 फुटांच्याही वर गेली. तिथल्या घराला कागद दिला तरी पाणी तो कागद वाचत नाही.

मोजणीला आलेल्या इंजिनिअरने टेपचे एक टोक माझ्या हातात दिले, स्वतः बोळाच्या मध्यावर उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, खोली बसंल नियमात. स्थैर्य प्रमाणपत्र लागंल, शुल्क भरावं लागंल, पण बसंल. ही गॅलरी नाही बसायची. दीड फूट बाहेर हाय, आणि बोळ सार्वजनिक.’’ समोरच्या काकू उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. त्या माडीबद्दल आजवर एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘मोजा, मोजा. आमच्या दारातलं ऊन कुठं गेलं, त्ये बी बघा त्या टेपनं.’’

मी टेप सोडून दिली. ती सरसर गुंडाळत त्याच्या हातात गेली.

खोलीचा प्रस्ताव दाखल केला आहे. गॅलरीसाठी गवंड्याला दसऱ्यानंतरचा वार दिला आहे. तो म्हणाला, आधी कठड्यावरची तुळशीची कुंडी आत घ्या आणि काकूंच्या दारावर ताडपत्री टाका, राडारोडा त्याच बाजूला पडणार.