त्या चिठ्ठीने माझे तीन रविवार खाल्ले

लंडनला नाण्यांच्या एका बाजारात बारा पौंडांना एक काळपट रोमन नाणं घेतलं. पाकिटातल्या चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: 'कॉन्स्टंटाइन द ग्रेट, 306–337', म्हणजे रोमन सम्राट आणि त्याची कारकीर्द. त्या चिठ्ठीचा राग अजून गेलेला नाही.

नाणं 17 मिलिमीटरचं, वजन सव्वादोन ग्रॅम. एकीकडे मोत्यांची पट्टी बांधलेलं डोकं, दुसरीकडे कोसळणाऱ्या घोडेस्वाराला भाला खुपसणारा सैनिक. चेहऱ्याभोवती 'डीएन कॉन्स्टॅन', मग झिजून सपाट झालेली जागा, शेवटी 'पीएफ ऑग', ही सगळी सम्राटाच्या नावाची आणि पदव्यांची लॅटिन संक्षिप्त रूपं. चिठ्ठी कॉन्स्टंटाइन म्हणतेय म्हणून मी 'रोमन इम्पीरियल कॉइनेज' या रोमन नाण्यांच्या सूचिग्रंथाचा सातवा खंड, त्याच्या काळाचा, घेऊन बसलो. दोन रविवार गेले. त्याच्या काळात दोन सैनिक आणि मधे निशाण असलेली नाणी ढिगाने निघाली. मग मला वाटायला लागलं, आपलंही तेच असणार, दुसरा सैनिक झिजला असेल. घोड्याचं मी मनातल्या मनात निशाण करून टाकलं होतं!

त्यात हे घराणं. आपल्यासारखंच आजोबांचं नाव नातवाला. आजोबा कॉन्स्टॅन्शियस, मुलगा कॉन्स्टंटाइन, नातू कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टॅन्शियस आणि कॉन्स्टॅन्स. लॅटिनमध्ये सगळ्यांची पहिली सात अक्षरं एकच, आणि माझ्या नाण्यावर नेमकी तेवढीच शिल्लक.

तिसऱ्या रविवारी वैतागून चेहरा सोडला आणि 'ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर' या संकेतस्थळावर मागचा घोडेस्वार शोधला. फुकट आहे ते, आधीच करायला हवं होतं. पाच मिनिटांत उलगडलं. घोडेस्वाराच्या नाण्यांवर लिहिलेलं असतं 'फेल टेम्प रेपारातिओ', म्हणजे सुखाचे दिवस परतले. ही नाणी सुरू झाली 348 च्या सुमारास. थोरला कॉन्स्टंटाइन 337 मध्येच गेलेला! त्याच नावाचा मुलगा 340 मध्ये, कॉन्स्टॅन्स 350 मध्ये मारला गेला, आणि घोडेस्वाराचं इतकं छोटं नाणं त्यानंतरचं. कॉन्स्टॅन्शियस नाव घेतलेला या भावांचा चुलतभाऊ गॅलस होता, पण या नाण्यांवर त्याचं डोकं उघडं असतं, माझ्यावर तर मोत्यांची पट्टी. उरला नातू कॉन्स्टॅन्शियस, म्हणजे कॉन्स्टॅन्शियस दुसरा. त्याची नाणी आठव्या खंडात.

म्हणून सांगतो, आधी मागची बाजू बघा, नाव शेवटी. चिठ्ठी तर वाचूच नका.

टांकसाळ लगेच सापडली. चित्राखालच्या रेषेखाली 'एसएमकेए': 'के' म्हणजे सिझिकस, आजच्या तुर्कस्तानातलं शहर, आणि शेवटचा 'ए' म्हणजे तिथला पहिला विभाग. मोबाइलचा टॉर्च वरून मारला तर काही दिसत नाही. नाण्याच्या कडेशी आडवा धरायचा, अक्षरांच्या सावल्या पडतात.

हो, आणि चिंच लावू नका. दुसऱ्या एका नाण्याला मी देवाची भांडी घासतात तशी चिंच चोळली. अक्षरं त्या हिरवट-काळ्या थरातच असतात, थराबरोबर तीही गेली. आता ती नुसती चकचकीत चकती आहे, कुठल्या सम्राटाची ते कॉन्स्टंटाइनलाही सांगता येणार नाही.