चौरस्त्याखालचा कोळसा

नेब्रास्का राज्याच्या दक्षिण कडेला, कॅन्ससला लागून, गेज काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं. तिथल्या एका ओढ्यावरचा अरुंद पूल पाडून रुंद बांधायचा होता. रस्त्याकडेची किती जमीन आधीपासून काउंटीची आहे आणि किती विकत घ्यावी लागेल, हे आमच्या मोजणीवरून ठरणार होतं. काम तसं किरकोळ. पण पुलाजवळच्या सेक्शनचा कोपरा कुठे आहे यावर कुणाचंच एकमत होईना.

इथली जमीन गाव-शिवारावरून ओळखत नाहीत. सगळा मुलूख एक-एक मैलाच्या चौकोनांत कापलेला आहे. एक चौकोन म्हणजे सेक्शन, 640 एकरांचा. असे 36 सेक्शन मिळून एक टाउनशिप. सेक्शनचा चतकोर 160 एकरांचा, आणि खरेदी-विक्रीची बहुतेक जुनी कागदपत्रं या चतकोरांचीच. सेक्शनच्या हद्दीवरून काउंटीचे रस्ते जातात. रस्त्याची रुंदी 66 फूट, म्हणजे हद्दीच्या रेषेपासून दोन्हीकडे 33 फूट. हे आकडे ऐकून मी पहिल्यांदा हसलो होतो. अमेरिकेत येण्यापूर्वी मी साताऱ्याकडे मोजणीच्या कामावर होतो. आपला गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट. अमेरिकेचा पश्चिम भाग ज्या साखळीनं मोजला ती इंग्रजी साखळी 66 फुटांची, 80 साखळ्यांचा एक मैल. एकाच इंग्रजी मापाची पिल्लं दोन्हीकडे.

या सगळ्या चौकोनांची पायारेषा म्हणजे 40 अंश उत्तर अक्षांश. तीच कॅन्सस आणि नेब्रास्काची सरहद्द. 1854 साली संसदेनं कायदा करून हे दोन प्रांत पाडले आणि गुलामगिरी ठेवायची की नाही ते तिथल्या रहिवाशांनीच ठरवावं असं म्हटलं. ठरवायला म्हणून दोन्ही बाजूंचे लोक बंदुका घेऊन कॅन्ससमध्ये शिरले. 1861 च्या उत्तर-दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धाची रंगीत तालीम तिथे झाली. मोजणीदारांनी मात्र मिसुरी नदीच्या काठावरून त्याच रेषेनं पश्चिमेकडे साखळी ओढायला सुरुवात केली होती. देश फुटायच्या बेतात होता, पण त्याचे तुकडे मोजून ठेवण्याचं काम थांबलं नाही.

आमचा कोपरा 15, 16, 21 आणि 22 या चार सेक्शनांचा. जिथे दोन कच्चे रस्ते एकमेकांना छेदतात तिथे तो असायला हवा. तिथे एक लोखंडी नळी होतीही, पण ती कुणी आणि कशावरून ठोकली याची नोंद कुठेच नव्हती. चारी बाजूंच्या दूरच्या कोपऱ्यांवरून मोजलं तर नळी जागेवर बसत नव्हती. आमच्या वरिष्ठांनी काउंटीची परवानगी घेऊन रस्ता बंद करवला आणि छोटा जेसीबी मागवला.

मोजणीच्या दिवशी सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा दोन शेतकरी आधीच उभे होते. ईशान्येकडच्या चतकोराची मालकीण, सत्तरी ओलांडलेली बाई. कुंपणाला लागून तिच्या सासऱ्यांनी लावलेली सीडरची रांग होती, वारा अडवायला. आणि आग्नेयेकडचा पन्नाशीचा शेतकरी, हाताची घडी घालून. दोघांची भाषा अगदी सभ्य. साताऱ्यात बांध कोरल्यावरून डोकी फुटताना पाहिलेली असल्यामुळे मला या सभ्यतेचा भरवसा वाटत नव्हता.

मूळ मोजणीदाराच्या वहीची प्रत आमच्याकडे होती. यादवी युद्धाच्या चार वर्षं आधीची. तिथे ना झाड ना दगड, म्हणून त्यानं तेव्हाच्या नियमाप्रमाणे केलं होतं: मातीचा उंचवटा रचला, त्यात खुंट रोवला आणि खाली कोळसा पुरला. खुंट कुजतो, उंचवटा नांगराखाली जातो, पण कोळसा कुजत नाही आणि कुणी चोरतही नाही. आमच्या भूमी अभिलेखवाल्यांना ही युक्ती कुणी सांगायला हवी होती. हद्दीचा दगड रातोरात चार पावलं चालून गेल्याचे प्रकार आपल्याकडे काय कमी झाले?

जेसीबीनं आधी खडी काढली. मग बोट-बोटभर थर. प्रत्येक थरानंतर वरिष्ठ गुडघ्यांवर बसून मातीचा रंग बघायचे. नळीच्या आसपास काही नाही. नळीच्या दक्षिणेला काही नाही. उत्तरेकडे सरकलो. ऊन चढलं, आग्नेयेकडचा शेतकरी ट्रकमध्ये जाऊन बसला, बाई मात्र हलली नाही. दुपारच्या सुमारास पिवळसर मातीत एक गडद, उलटवलेल्या मातीचा डाग दिसला. वरिष्ठ म्हणाले, "यंत्र बंद. आता थापी." गवंड्याच्या थापीनं मी माती खरवडत गेलो आणि नखाएवढे काळे तुकडे वर आले. मग मुठीएवढा ढीग, एकाच जागी, भोवती कुठेच नाही. वणव्याचा कोळसा असा एका जागी बसत नाही. वरिष्ठांनी टोपी काढून घाम पुसला आणि फोटोंसाठी पट्टी मागितली.

जागा निघाली नळीपासून अकरा फूट उत्तरेला आणि चार फूट पश्चिमेला.

आता इथला नियम असा की मूळ मोजणीदाराचं चिन्ह सापडलं तर तोच कोपरा. त्याची साखळी झिजलेली होती का, त्याचं होकायंत्र चुकलं का, तो दमला होता का, हे प्रश्न विचारायचेच नाहीत. त्यानं तिथे कोळसा पुरला आणि सरकारनं त्यावरून जमीन वाटली, म्हणजे हद्द तिथे. आमच्या जीपीएसचा सेंटिमीटर त्यापुढे गप्प बसतो.

जेवणाच्या सुट्टीत बाईनं एक फाईल उघडली. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवलेली, सासरच्या पणजोबांची. हा माणूस ओहायोचा. तीन वर्षं उत्तरेच्या सैन्यात होता. 1872 साली त्यानं हा चतकोर होमस्टेड कायद्याखाली मागितला. कायदा 20 मे 1862 चा: 160 एकर फुकट, फक्त अठरा डॉलर फी, पाच वर्षं राहून कसायची. अट एकच चमत्कारिक, अर्जदारानं अमेरिकेच्या सरकारविरुद्ध कधी शस्त्र उचललेलं नसावं. 1872 च्या आणखी एका कायद्यानं उत्तरेच्या सैनिकांची नोकरी त्या पाच वर्षांतून वजा करायची सोय केली. त्यामुळे या माणसाची दोन वर्षांतच सुटका. साक्षीदारांच्या जबाबात घराचं वर्णन होतं: चौदा बाय सोळा फूट, एक दार, दोन खिडक्या, विहीर, चाळीस एकर नांगरलेली. आणि 1874 साली मका टोळांनी खाल्ला, अशी एक ओळ. त्या वर्षी टोळांनी अख्खं नेब्रास्का आणि कॅन्सस उजाड केलं होतं. पुढचं पान थेट मालकी हक्काचं, राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या नावानं. युद्धात ज्याच्या हाताखाली लढला, त्याच्याच नावानं जमीन मिळाली.

"बाकीच्या तिघांचं काय?" बाईनं विचारलं. त्या तीन चतकोरांचे जुने कागद मी आदल्या आठवड्यातच काढले होते. आग्नेयेचा चतकोर मेक्सिकोच्या युद्धातल्या एका शिपायाला इनाम मिळालेल्या 160 एकरांच्या वॉरंटवर, म्हणजे जमिनीच्या हक्कपत्रावर, घेतलेला. शिपाई इथे कधी आलाच नाही, त्यानं कागद विकला. नैऋत्येचा चतकोर कॉलेजच्या कागदावर. जुलै 1862 मध्ये संसदेनं प्रत्येक राज्याला, त्याच्या दर खासदारामागे 30,000 एकर, शेतकी कॉलेजांसाठी दिले. पूर्वेकडच्या राज्यांकडे सरकारी जमीन उरलेली नव्हती, म्हणून त्यांना नुसती कागदी हक्कपत्रं मिळाली आणि त्यांनी ती दलालांना स्वस्तात फुंकली. वायव्येचा सेक्शन 16 शाळांसाठी राखीव, तो आजही राज्याकडेच आहे आणि भाड्यानं कसला जातो. एका चौरस्त्यावर चार मालक, चार कायदे. त्यांतले दोन कायदे 1862 च्या त्याच उन्हाळ्यातले.

1862 च का, हे मला तेव्हा तिथे उभं राहून पहिल्यांदा नीट कळलं. फुकट जमिनीची मागणी जुनी होती. दक्षिणेच्या खासदारांना ती नको होती, कारण 160 एकरांचा शेतकरी गुलाम ठेवत नाही आणि अशा शेतकऱ्यांची राज्यं उद्या संसदेत त्यांच्याविरुद्ध मत देतील. 1860 साली विधेयक मंजूर होऊनही राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी ते परत पाठवलं. मग दक्षिणेची राज्यं फुटली, त्यांचे खासदार उठून गेले, आणि रिकाम्या बाकांसमोर दीड महिन्याच्या आत होमस्टेड, पॅसिफिक रेल्वे आणि कॉलेजांचा, असे तीन कायदे झाले. होमस्टेडचा अंमल 1 जानेवारी 1863 पासून, म्हणजे लिंकननी गुलाममुक्तीचा जाहीरनामा काढला त्याच दिवसापासून. पहिला मानला जाणारा अर्ज याच गेज काउंटीतल्या जमिनीसाठी होता, डॅनियल फ्रीमन नावाच्या माणसाचा. मध्यरात्र उलटताच कारकुनाला गाठून त्यानं तो भरला असं सांगतात. बीॲट्रिस गावाजवळ त्याच्या शेतावर आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत सुमारे 16 लाख अर्जदारांना मिळून सुमारे 27 कोटी एकर दिले गेले.

ट्रकमधून उतरून आलेला आग्नेयेकडचा शेतकरी हे ऐकत होता. तो म्हणाला, "आणि त्याआधी?"

त्याआधीची नोंद त्याच वहीत आहे. मोजणीदारांना वाटेत दिसेल ते लिहायची सूचना असे: ओढे, लाकूड, इंडियन म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची वस्ती, पायवाटा. आमच्या मोजणीदारानं लिहिलं होतं, जमीन लाटांसारखी, माती पहिल्या प्रतीची, झाडं नाहीत, आणि कोपऱ्यापासून काही साखळ्यांवर इंडियन पायवाट ओलांडली. पायवाट कुठून कुठे जाते ते लिहायला त्याला पैसे नव्हते, त्याला मैलावर पैसे मिळत.

हा मुलूख ओटो आणि मिझूरिया लोकांचा. मार्च 1854 मध्ये, कॅन्सस-नेब्रास्का कायद्याच्या काही आठवडे आधी, त्यांच्याकडून करारानं जवळजवळ सगळी जमीन घेतली गेली आणि बिग ब्लू नदीकाठी एक राखीव पट्टा त्यांना ठेवला. आम्ही उभे होतो तिथून तो पट्टा काही मैल दक्षिणेला सुरू होई. मग तोही कापला. 1876 मध्ये पश्चिमेचा मोठा भाग विकायला काढला, 1881 मध्ये उरलेला, आणि लोकांना आजच्या ओक्लाहोमात हलवलं. तिथे रेड रॉकला त्यांचं ठाणं आजही आहे. 1955 साली कोर्टानं मान्य केलं की करार नसला तरी मुळापासून वहिवाट असलेल्या जमिनीची भरपाई द्यायला हवी. पैसे मिळाले, जमीन नाही.

मला मोजणीदार म्हणून हे खटकतं ते असं. मैलावर पैसे मिळणाऱ्या एका दमलेल्या माणसानं चुकीच्या जागी पुरलेला मूठभर कोळसा दीडशेहून जास्त वर्षं कायदा म्हणून टिकतो. आणि सरकारनं सही करून दिलेली राखीव जमीन सत्तावीस वर्षं टिकली नाही. वरिष्ठांना हे म्हणालो तर ते म्हणाले, "आपण हद्द शोधतो, न्याय नाही." बरोबर आहे त्यांचं. तरी पण.

दुपारनंतर कोळशाच्या जागी ॲल्युमिनियमची सळई ठोकली, वर टोपी बसवली, रस्त्याच्या पातळीच्या किंचित खाली. मग हिशेब. कोपरा उत्तरेला सरकल्यानं बाईच्या दक्षिण हद्दीवरून पाचरीच्या आकाराची एक पट्टी आग्नेयेच्या शेतकऱ्याकडे जात होती. मी सवयीनं गुंठ्यांत काढलं, तेरा गुंठ्यांच्या थोडं वर. पश्चिमेला शाळेच्या जमिनीतून तिला पाचेक गुंठे परत. कागदावर एवढंच. ही पट्टी जवळजवळ सगळी रस्त्याखालची, कसायला कुणालाच उपयोग नाही. पण काउंटीचे 33 फूटही रेषेबरोबर उत्तरेला सरकले आणि सीडरची रांग त्यात आली. पुलाच्या भरावासाठी नेमकी तीच जागा हवी होती. एवढी वर्षं कुंपण तिथेच आहे म्हणून कोर्टात तिचा दावा टिकेल का, हा वकिलांचा विषय. इथे अखंड दहा वर्षांची वहिवाट लागते, ती तिच्याकडे भरपूर होती, पण सार्वजनिक रस्त्याविरुद्ध वहिवाट चालवणं सोपं नसतं.

मला वाटलं होतं ती चिडेल. पणजोबांची फाईल स्वतः घेऊन आलेली बाई, आणि कोळसा निघाला तिच्याच विरुद्ध. ती कोळशाचे फोटो मागून घेत होती. संध्याकाळी काउंटीचा माणूस पाहणीला आला तेव्हा तिनं त्याला झाडं मोजून दाखवली, एकेकावर हात ठेवून, आणि सांगितलं की जमीन तुमची असेल, झाडं माझ्या सासऱ्यांची आहेत. मग तिनं झाडामागे भाव सांगितला. त्या माणसानं तो दोनदा विचारून घेतला आणि वहीत लिहिला.